कोरड्या घळीतले पाणी

दिवाळीची सुटी सरली की शाळा-कॉलेजांतून सहलीची बोलणी सुरू होतात. कुणी अजिंठा-वेरूळ म्हणतो, कुणी रायगड म्हणतो, आणि अलीकडे एखादा मुलगा मोबाईलवरचे चित्र पुढे करून विचारतो, "सर, असलं काही आपल्याकडे नाही का?" चित्र असते अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटातले. लाल खडकाच्या दोन उंच भिंती, मधून जेमतेम माणूस जाईल एवढी वाट, आणि वर आभाळाची निळी चिंधी.

खारबावच्या मुलांना मी सांगतो, आहे. आणि फार लांबही नाही. भिवंडीवरून नाशिकचा हमरस्ता धरायचा, शहापूर मागे टाकायचे, कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी गाठायची. पुढे घोटीला भंडारदऱ्याचा रस्ता फुटतो. वाटेत कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर दिसते. भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून आपण साम्रद गावी पोहोचतो. हा अकोले तालुका, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर. सारा प्रवास सुमारे दीडशे किलोमीटरांचा. गावापासून थोडे चालले की सपाट माळ एकाएकी फाटलेला दिसतो. तीच सांदण दरी. (सांदण म्हटल्यावर आमच्या मुलांना फणसाची सांदणे आठवली. ती खाण्याची, ही चालण्याची!)

लोक तिला दरी म्हणतात, पण खरे म्हणजे ती घळ आहे. दरी रुंद असते, तिच्यात गाव वसते, शेत पिकते. घळीत काही वसत नाही. घळ ही पाण्याची वाट असते. इंग्रजीत जिला कॅन्यन म्हणतात, तिचाच हा अगदी अरुंद प्रकार. सांदणची घळ सुमारे दोन किलोमीटर लांब आहे. भिंती दोन-तीनशे फूट उंच आहेत, आणि काही जागी तर दोन्ही हात पसरले की दोन्हीकडचा कातळ हाताला लागावा, इतकी ती आवळलेली आहे. भर दुपारीसुद्धा तळाशी ऊन फार वेळ टिकत नाही.

ही घळ झाली कशी, हे वर्गात सांगण्यासारखे आहे. आपला सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांचा डोंगर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो रस जमिनीच्या भेगांतून बाहेर आला आणि थरावर थर साचला. रस निवताना आकसतो, आणि आकसताना त्याला उभ्या भेगा पडतात. उन्हाळ्यात भाताच्या खाचराला पडतात ना, तशाच. पावसाचे पाणी आधी अशा भेगांत शिरते. पाण्याबरोबर वाळू जाते, गोटे जातात, आणि ते भेगेच्या दोन्ही अंगांना घासत राहतात. रुंदीपेक्षा खोली लवकर वाढली म्हणजे दरी न होता घळ होते. ॲरिझोनातला खडक वालुकाश्म, आपला काळा बेसाल्ट. तिकडे वर्षाकाठी मोजका पाऊस, इकडे घाटमाथ्यावर धोधो. तरी कारागीर दोन्हीकडे एकच, पाणी. वाळवंटातल्या घळीसुद्धा वाऱ्याने नव्हेत, मुख्यतः पाण्यानेच कोरल्या आहेत, हे ऐकून मुलांना नवल वाटते.

आता या नवलातली भीतीची बाजू पाहू. मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकाने ही बाजू नीट समजून घेतली पाहिजे.

आपण असे धरून चालतो की, माझ्या डोक्यावर पाऊस नाही म्हणजे पाणी येणार नाही. घरात, शेतात हे बहुधा खरे ठरते. घळीत ते खरे नाही. घळीतले पाणी डोक्यावरून येत नाही, ते पाठीमागून येते. १२ ऑगस्ट १९९७ या दिवशी ॲरिझोनातल्या अँटिलोप नावाच्या अशाच एका घळीत प्रवासी उतरले होते. घळीवर पाऊस नव्हता म्हटले तरी चालेल; पाऊस पडला तो काही मैल दूर, वरच्या अंगाला. ते पाणी लोंढ्याने घळीत शिरले आणि ११ माणसे दगावली.

एवढे पाणी येते कोठून? शिक्षकांनी हा हिशेब फळ्यावर करून पाहावा. वरचा माळ एक चौरस किलोमीटर धरा. त्यावर २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच पाऊस पडला. हे झाले २५,००० घनमीटर पाणी, वजनाने २५,००० टन. शेताची माती यातले पुष्कळसे पिऊन टाकते, पण उघडा कातळ काय पिणार? सारे पाणी एका तासात घळीच्या तोंडाशी आले असे धरले, तर दर सेकंदाला सुमारे ७ घनमीटर पाणी आत शिरेल. घळ तीन मीटर रुंद आणि पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटर असेल, तर पाणी सव्वा मीटरच्या आसपास चढेल, कमरेच्या वर. तीच घळ पुढे एक मीटर रुंद झाली आणि वेग तोच धरला, तर पाण्याची उंची साडेतीन मीटर. म्हणजे एकावर एक दोन माणसे! प्रत्यक्षात अरुंद जागी पाण्याचा वेगही वाढतो. आणि वेग दुप्पट झाला तर पाणी जो दगड ढकलू शकते त्याचे वजन दुप्पट नव्हे, हिशेबाने चौसष्ट पट होते. घळीच्या तळाशी घरासारखे धोंडे पडलेले दिसतात, ते पाहताना हा आकडा आठवावा. दगडाच्या कडा धारदार असतील तर तो भिंतीवरून पडलेला आहे. कडा झिजून गोल झाल्या असतील तर तो पाण्यातून आलेला आहे. आणि मान वर करून भिंतीच्या खाचा पाहा. डोक्याच्याही वर गवताची, काटक्यांची गुंतवळ अडकलेली दिसते. तिथवर पाणी येऊन गेले, ही त्याची सही.

एका डिसेंबरात आम्ही बावीस मुले आणि तीन शिक्षक साम्रदला गेलो होतो. गावातल्या महादेव कोळी समाजाचा एक वयस्क वाटाड्या बरोबर घेतला होता. सकाळी आम्ही घळीच्या तोंडाशी जाऊन पहिला डोह पाहून आलो. दुपारी जेवून आत उतरायचे ठरले होते. माळावर ऊन पडले होते, पण डोंगरमाथ्याकडे ढग उतरले होते. वाटाड्या पाच मिनिटे तिकडे बघत राहिला आणि म्हणाला, "वर काळं धरलंय, गुरुजी. आज नको."

मुलांची तोंडे पडली. एक जण म्हणाला, "सर, इथे तर ऊन आहे!" दुसऱ्याने हिशेब मांडला की, उद्या संध्याकाळी परतायचे, मग घळ पाहायची कधी? त्यांचे म्हणणे चूक नव्हते. घरून पैसे गोळा करून, बापाची मनधरणी करून ती मुले आली होती. मी वाटाड्याच्या बाजूने उभा राहिलो, आणि ती दुपार आम्ही गावाजवळच्या पडीक जमिनीवर तंबू ठोकण्यात घालवली. लोंढा बिंढा काही आला नाही. संध्याकाळी दूरवर थोडे गडगडले, एवढेच. मुले माझ्याकडे जरा तिरक्या नजरेने बघत होती, हेही खरे.

पण आमच्यातला एक खाडीकाठचा पोरगा होता. भरती चढते आहे की उतरते आहे हे पाहायला पाण्याच्या कडेला काठी रोवायची, ही त्याच्या घरची रीत. सकाळी त्याने पहिल्या डोहाच्या काठाशी पाण्याला टेकवून एक दगड ठेवला होता. दुसऱ्या दिवशी उजाडता आम्ही गेलो, तर दगड दोन विती पाण्याखाली होता आणि आदल्या दिवशीचे नितळ पाणी गढूळ झाले होते. वाटाड्याने पाणी पाहिले, आभाळ पाहिले, आणि मान हलवली. मग आम्ही आत गेलो. पण पहिल्या डोहापलीकडे थोडेसेच. दुसरा डोह त्याहून खोल असतो. तो ओलांडायचा नाही, असे त्यानेच सांगितले.

त्या पोराची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. आपल्या खाडीकाठच्या माणसाला हे कळायला जड नाही. भरती येते तेव्हा आपल्या डोक्यावर कुठे पाऊस असतो? तरी ती वेळेवर येतेच, आणि खाजणात गेलेला माणूस तिच्या आधी बाहेर पडतो. घळीतल्या पाण्याला तेवढे वेळापत्रक नाही, एवढाच फरक. आणि गंमत बघा, सांदणचे पाणी जाते कुठे? ते शहापूर तालुक्याकडे खाली कोकणात उतरते, ओढ्या-नद्यांतून उल्हास नदीला मिळते, आणि शेवटी आपल्याच वसईच्या खाडीत येते. त्याच परिसरात रतनगडावर उगवणारी प्रवरा मात्र पूर्वेकडे वळून गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. नकाशा भिंतीवर लावून दोन्ही वाटांवरून बोट फिरवायला मुलांना सांगावे. पाणलोट हा शब्द मग पाठ करावा लागत नाही.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी आता थोडे कामाचे. पावसाळ्यात घळीत उतरण्याचा विचारही करू नये. जानेवारी ते मार्च हा काळ चांगला. डोहांचे पाणी तोवर उतरलेले असते. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, म्हणून वन विभागाकडे आधी चौकशी करून परवानगी घ्यावी. गावातला वाटाड्या घ्यावाच, पैशाची काटकसर तिथे करू नये. मुक्काम गावाजवळच्या उंच जागी करावा. घळीत किंवा ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबू कधी ठोकू नये, कितीही सपाट आणि वाळूचे मऊ दिसले तरी. रात्री ढग दिसत नाहीत. चालताना मुलांनी डोक्याला कडक टोपी घालावी, कारण वरून खडे सुटतात. आणि कॅनव्हासचे बूट घालावेत, चपला नकोत. मोबाईलच्या भरवशावर राहू नये, घळीत तो मुका होतो. किती मुले आत गेली आणि किती बाहेर आली, हे कागदावर लिहावे. तोंडी मोजणी चुकते.

घळ पूर्ण उतरून खाली शहापूरकडच्या डेहणे गावी जाता येते, पण वाटेत दोरावरून उतरावे लागते. ते काम जाणकार गिर्यारोहकांचे; शाळेच्या सहलीने आले त्याच वाटेने परत फिरावे. शाळांना सहलीसाठी एस. टी. सवलतीत गाडी देते, तिचा अर्ज लवकर करावा. साम्रदला जेवण घरोघरी होते. नागलीची भाकरी, पिठले, ठेचा. आमच्या तांदळाच्या भाकरीवर वाढलेल्या मुलांनी पहिल्या रात्री नाके मुरडली आणि दुसऱ्या दिवशी मागून खाल्ली. मात्र पंचवीस माणसांच्या भाकऱ्या एका चुलीवर होत नाहीत, तेव्हा निदान आदल्या दिवशी निरोप द्यावा.