भाऊसाहेब परत आले!

जत्रेत तीन पत्ते पालथे घालून ‘राणी कुठंय, सांगा’ म्हणणारा कधीच एकटा नसतो. घोळक्यातला एक जण पटापट जिंकत असतो. तो त्याचाच पंटर! त्याचे पैसे दुप्पट झालेले पाहून बाकीचे खिशात हात घालतात. अठराव्या शतकात मराठी मुलखात असाच एक डाव मांडला गेला. त्यात पणाला लागली होती पेशवाई.

त्याचा धागा आमच्या जालना जिल्ह्यातून निघतो. परतूर या जिल्ह्याच्या खालच्या टोकाला. उदगीरला निजामाचा पराभव करून आलेले पेशव्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये परतूरच्या तळावरून उत्तरेकडे निघाले, ते परत आलेच नाहीत. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. भाऊंचे प्रेत सापडल्याचे, अग्नी दिल्याचे सांगितले गेले, पण पुण्यात सगळ्यांनाच ते पटले नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर वैधव्य मानलेच नाही. भामट्याला लागते ती जागा इथे तयार झाली.

काही वर्षांतच उत्तरेत एक जण ‘मीच भाऊ’ म्हणू लागला. नाव सुखनिधान, कनोजी ब्राह्मण. चेहरेपट्टी बरीचशी जुळत होती म्हणतात. थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्याची चौकशी केली, तोतया ठरवले आणि कैदेत टाकले. मारले मात्र नाही. काकू पार्वतीबाईंच्या मनाची कदर केली, असे सांगतात. ती दया पुढे फार महागात पडली.

कारण १७७६ साल आले तेव्हा गादीवर सवाई माधवराव होते, दोन वर्षांचे. राघोबादादा इंग्रजांच्या आडून डाव टाकत होते. कारभार नाना फडणिसांकडे होता आणि नानांवर खार खाणारे थोडेथोडके नव्हते. अशा वेळी रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी या कैद्याला बाहेर काढले आणि भाऊसाहेब म्हणून पुढे केले. साक्षात सुभेदार ज्याला मुजरा करतो, त्याच्याकडे कागदपत्र मागणार कोण? बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, हजारोंचा जमाव मागे जमला आणि स्वारी घाट चढून वर आली.

सगळेच भोळे होते, असे मला वाटत नाही. काहींना खरोखर भाऊ हवे होते. पुष्कळांना नाना नको होते. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला फसवायची गरजच नसते, तो आपणहून फसतो.

रशियातही नुकतेच हेच घडले होते. पुगाचेव्ह नावाच्या कोसॅकाने १७७३ मध्ये ‘मी मेलेला झार तिसरा पीटर’ म्हणून बंड उभारले आणि जानेवारी १७७५ मध्ये मॉस्कोत त्याचा शिरच्छेद झाला. त्याला तर झारसारखे दिसण्याचीही गरज पडली नव्हती. व्होल्गाकाठच्या शेतकऱ्याने झार कुठे पाहिला होता?

पुण्यात ती सोय नव्हती. नाना स्वतः पानिपतावरून जीव वाचवून आलेले, भाऊंना जवळून ओळखणारे. महादजी शिंदेही त्याच रणातून जायबंदी होऊन परतलेले. महादजी आणि भिवराव पानसे यांनी तोतयाचा जमाव उधळला. तो समुद्राकडे पळाला, पण कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी पकडून पुण्याला पाठवला. पुन्हा चौकशी झाली, आणि डिसेंबर १७७६ मध्ये देहदंड. साथीदारांनाही शिक्षा झाल्या.

पुढे न. चिं. केळकरांनी यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. पार्वतीबाई १७८३ मध्ये वारल्या. तोतयाला देहदंड होऊन सात वर्षे झाली होती, तरी भाऊ गेले हे त्यांनी अखेरपर्यंत मानले नव्हते.