भिरंडीच्या सालीतून घरबसल्या अर्थार्जन

नोकरीसाठी रोज शहर गाठणे ग्रामीण भागातील प्रत्येक गृहिणीस शक्य नसते. अशा भगिनींना गोव्याच्या कुळागरातील भिरंड, म्हणजेच कोकम, हंगामी उत्पन्न मिळवून देऊ शकते. एप्रिल-मे महिन्यांत पिकणारे हे फळ उतरविल्यावर फार दिवस टिकत नाही. परंतु त्याची साल मीठ घातलेल्या रसात पुनःपुन्हा भिजवून उन्हात वाळविली, की वर्षभर टिकणारी सोलां तयार होतात. बियांचे तेलही उपयोगी पडते. जूनच्या प्रारंभी पाऊस येतो. म्हणून हे काम मेअखेर आटोपणे इष्ट.

मात्र भाव ठरविताना केवळ फळ व मीठ यांचा हिशेब होतो आणि घरातील श्रम फुकट धरले जातात. फळे फोडण्यात व वाळविण्यात गेलेल्या दिवसांची मजुरी किमतीत धरावी. तरच उन्हात राबण्याचे सार्थक होईल.

विक्रीपूर्वी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी करावी. केंद्र शासनाची उद्यम नोंदणी विनाशुल्क होते. स्वयंसाहाय्य गटामार्फत एकत्रित विक्री केल्यास भगिनींना व्यापाऱ्याशी भावाची बोलणी अधिक बळाने करता येतील.