पाठाचे परिचारक : विद्यापीठीय माध्यमकेंद्रातील कर्मचारी आणि संहितेचे कर्तृत्व

कर्ता, कृती आणि वाचक या तीन घटकांची चर्चा साहित्यविचारात विपुल झाली आहे. कृती सिद्ध होत असताना कर्त्याभोवती वावरणाऱ्या माणसांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. विद्यापीठातील माध्यमनिर्मितिकेंद्र हे अशा माणसांचे कार्यस्थान होय. तेथे प्राध्यापकाचे व्याख्यान दृक्‌श्राव्य पाठाचे रूप घेते आणि त्या रूपांतरात निर्माता, संहितालेखक, कॅमेरामन, ध्वनिमुद्रक, संकलक, चित्रकार, अभियंता आणि फितींचा संग्रह सांभाळणारा ग्रंथपाल अशा अनेकांचा हात असतो. हे कर्मचारी नेमके काय करतात, आणि त्यांच्या कामाला केवळ 'तांत्रिक साहाय्य' म्हणणे कितपत योग्य आहे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. उदाहरणादाखल जबलपूरनजीकचा तिलवारा घाट विचारात घेतला आहे.

१. त्रिपुरीचा संदर्भ

नर्मदेवरील तिलवारा घाट जबलपूरच्या दक्षिणेस, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मार्च १९३९ मधील त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात भरले. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन येथेही झाले. ज्या प्राचीन त्रिपुरीचे नाव अधिवेशनाला मिळाले, ती कलचुरींची राजधानी म्हणजे भेडाघाटच्या वाटेवरील आजचे तेवर हे गाव. कलचुरींच्या कोरीव लेखांचे प्रमाणभूत संपादन नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले व ते १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले.

या राजधानीशी राजशेखराचे नाव जोडलेले आहे. महाराष्ट्राशी नाते सांगणाऱ्या यायावर कुळातील हा कवी कनौजच्या दरबारात मान्यता पावला, आणि त्याची 'विद्धशालभञ्जिका' ही नाटिका कलचुरी राजा युवराजदेव याच्या आश्रयाने रंगभूमीवर आली, असे मानले जाते. त्याच्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथाची पहिली मुद्रित आवृत्ती १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा प्रथम ग्रंथ म्हणून निघाली. त्यातील दहाव्या अध्यायात कवीच्या परिवाराचे वर्णन येते. परिचारकांनी अपभ्रंश बोलावी, अंतःपुरातील स्त्रियांना प्राकृत व संस्कृत यावी, मित्र सर्व भाषा जाणणारे असावेत, असे राजशेखर सांगतो. लेखनिकाविषयीच्या त्याच्या अपेक्षा तर फारच मोठ्या आहेत. लेखनिक सर्व भाषांत कुशल, शीघ्र बोलणारा, सुवाच्य अक्षराचा, मुद्रेवरून मनोगत ओळखणारा, अनेक लिप्या जाणणारा आणि स्वतः कवी असावा. ज्याला केवळ उतरवून घ्यावयाचे आहे, त्याने कवी असण्याची गरज काय? राजशेखराला हे उमगलेले दिसते की उतरवून घेणे ही क्रियाही निवडीची असते. माध्यमकेंद्रातील कर्मचाऱ्यांचा विचार येथूनच सुरू करता येतो.

२. केंद्रांची व्यवस्था

विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवरून 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा उच्च शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. १९८३ मध्ये प्रक्षेपित झालेल्या 'इन्सॅट-१बी' या उपग्रहामुळे तो देशभर पोहोचू शकला. त्यासाठी निवडक विद्यापीठांत निर्मितिकेंद्रे स्थापन झाली. पुणे विद्यापीठातील केंद्र हे त्यांपैकी आरंभीचे एक. या केंद्रांच्या समन्वयासाठी १९९३ मध्ये 'कन्सॉर्शियम फॉर एज्युकेशनल कम्युनिकेशन' ही संस्था अस्तित्वात आली. मध्यप्रदेशात इंदूर आणि सागर या दोन विद्यापीठांत अशी केंद्रे झाली. पूर्वी जबलपूरची महाविद्यालये नागपूर विद्यापीठाच्या, आणि १९४६ नंतर सागर विद्यापीठाच्या कक्षेत येत. जबलपूरला स्वतंत्र विद्यापीठ १९५६ मध्ये मिळाले. शालेय स्तरावर मराठीतून निर्मिती करणारी 'बालचित्रवाणी' ही राज्यसंस्था १९८४ मध्ये पुण्यात स्थापन झाली व २०१७ मध्ये बंद पडली.

३. एका पाठाचा प्रवास

त्रिपुरी अधिवेशनावर वीस-पंचवीस मिनिटांचा पाठ करावयाचा आहे, अशी कल्पना केल्यास प्रत्येक कर्मचाऱ्याचे काम स्पष्ट होते. विषयतज्ज्ञ आपले टिपण देतो. ते निबंधाच्या वळणाचे असते. संहितालेखक त्याची दोन स्तंभांत मांडणी करतो, एकीकडे दृश्य आणि दुसरीकडे ध्वनी. या क्षणी टिपणातील प्रत्येक वाक्याला 'येथे काय दिसेल?' हा प्रश्न विचारला जातो. 'काँग्रेसमधील मतभेद तीव्र झाले होते' हे वाक्य लिहिणे सोपे आहे. ते दाखवावयाचे तर आजारी अध्यक्ष सुभाषचंद्र बोस, शरदचंद्र बोस यांनी वाचून दाखविलेले त्यांचे भाषण, आणि कार्यकारिणीची निवड गांधीजींच्या इच्छेनुसार व्हावी असे सुचविणारा पंतांचा ठराव, असे मूर्त प्रसंग निवडावे लागतात. अमूर्त विधानाचे प्रसंगांत विघटन करणारा हा लेखक टिपणाचा पहिला भाष्यकार असतो.

कॅमेरामन तिलवारा घाटावर उभा राहतो, तेव्हा चौकटीची निवड हेही एक विधान होऊन बसते. निवेदनात 'त्रिपुरी' हा शब्द असताना पडद्यावर तिलवाऱ्याचे पाणी दिसले, तर कलचुरींची राजधानी याच घाटावर होती, असा समज विद्यार्थ्याचा होईल. तेवर आणि तिलवारा यांतील अंतर एका वाक्याने किंवा एका नकाशाने स्पष्ट करावे लागते. ही चूक टाळणे संशोधनसाहाय्यकाचे काम. त्याने ती वेळीच टाळली, तर त्याचे काम कोणाच्याही लक्षात येत नाही.

ध्वनिमुद्रकापुढील प्रश्न निराळा असतो. घाटावर नदीचा आवाज आहे, तसाच पुलावरील वाहनांचाही. तो वक्त्याच्या आवाजाबरोबरच त्या स्थळाचा मोकळा ध्वनीही काही काळ स्वतंत्र मुद्रित करून ठेवतो, म्हणजे पुढे दोन तुकडे जोडताना मधली शांतता कृत्रिम वाटत नाही. वाहनांचा आवाज पूर्ण वगळला, तर घाट काळाबाहेरचा, तीर्थक्षेत्राच्या चित्रासारखा भासतो. तो ठेवला, तर आजचा घाट आणि १९३९ चा घाट यांतील अंतर कानाला जाणवते. हा निर्णय बहुधा ध्वनिमुद्रकच घेतो. त्याचा अर्थ इतिहासलेखनाशी जोडलेला आहे, याची नोंद कोठेही होत नाही.

संकलकाच्या हाती सर्वांत मोठी सत्ता असते. अधिवेशन चालू असताना गांधीजी त्रिपुरीत नव्हते. ते राजकोटच्या प्रश्नात गुंतलेले होते. नऊ वर्षांनी त्यांच्या अस्थी याच घाटावर आल्या. पंतांच्या ठरावाच्या निवेदनानंतर लगेच अस्थिविसर्जनाचे स्मारक दाखविले, तर त्या सांध्यातून उपरोध निघेल, किंवा समेट सूचित होईल. तज्ज्ञाच्या टिपणात या दोहोंपैकी काहीही नसेल. दोन वाक्यांमधील 'परंतु' आणि 'आणि' यांत जेवढा भेद आहे, तेवढाच भेद संकलकाच्या दोन सांध्यांत असतो.

निर्माता या सर्वांना एकत्र ठेवतो. त्याला एका बाजूने विषयाची, दुसऱ्या बाजूने वेळेची व खर्चाची मर्यादा सांभाळावी लागते. नियंत्रणकक्षातून तो कॅमेऱ्यांना सूचना देतो. कॅमेऱ्याची सवय नसलेल्या प्राध्यापकाला वर्गातील सहजता परत मिळवून देणे हेही त्याचेच काम असते. राजशेखराच्या लेखनिकाने मुद्रेवरून मनोगत ओळखावे, ही अपेक्षा येथे अक्षरशः लागू पडते.

४. भाषांची वाट

तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण भाग भाषेचा आहे. 'कंट्रीवाइड क्लासरूम'चे पाठ प्रारंभी मुख्यतः इंग्रजीत असत, पुढे हिंदीलाही स्थान मिळाले. मराठी भाषक तज्ज्ञ, हिंदी भाषक परिसर आणि इंग्रजी निवेदन अशी स्थिती सहज उद्‌भवते. त्रिपुरीच्या पाठातील कलचुरींविषयीचा एकच परिच्छेद घेतला, तर मूळ लेख संस्कृत, मिराशींचे संपादन इंग्रजी, तज्ज्ञाचे टिपण मराठी आणि निवेदन हिंदी असे चार थर त्यात आढळू शकतात. या थरांमधील भाषांतर संहितालेखक, निवेदक आणि निर्माता कामाच्या ओघात करीत असतात. त्यावर भाषांतरकार म्हणून कोणाचेही नाव येत नाही.

चित्रकार नकाशावर गावांची नावे लिहितो, तेव्हा हा प्रश्न एका अक्षरापर्यंत येऊन ठेपतो. मराठीत 'जबलपूर', हिंदीत 'जबलपुर'. नकाशा कोणत्या भाषेचा मानावयाचा, हे एका उकारावरून ठरते. निवेदनाचेही तसेच. सत्तावीस सेकंदांच्या दृश्यावर हिंदीतील जे वाक्य नेमके बसते, त्याचे मराठी रूप लांबते. मग एखादे विशेषण गळते किंवा कर्मणी प्रयोग कर्तरी होतो. दृश्याच्या लांबीने ठरणारे हे भाषांतर वृत्तबद्ध कवितेच्या भाषांतराला जवळचे आहे. त्याचा अभ्यास मात्र भाषांतरमीमांसेत फारसा झालेला नाही.

मराठीतून उच्च शिक्षणाचे पाठ उपलब्ध व्हावेत, ही अपेक्षा २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर पुन्हा ठळक झाली. केवळ यंत्रे आणि वाहिन्या वाढवून ती पूर्ण होणार नाही. सेकंदात वाक्य बसविणारा आणि परिभाषेची जाण असणारा मराठी संहितालेखक घडण्यास वर्षे लागतात.

५. श्रेय आणि जतन

पाठाच्या अखेरीस काही सेकंद श्रेयनामावली सरकते. सूचीत मात्र शीर्षक, तज्ज्ञ आणि फार तर निर्माता एवढीच नोंद राहते. आता हे पाठ लहान तुकड्यांत संगणकावर उपलब्ध होतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयंप्रभा' वाहिन्यांमुळे त्यांची मागणीही वाढली. तुकडे करताना श्रेयनामावली गळून पडण्याचा धोका असतो, आणि तिच्याबरोबर पाठाच्या बहुकर्तृकतेचा एकमेव पुरावाही जातो. २०२० च्या टाळेबंदीत अनेक प्राध्यापकांनी घरूनच व्याख्याने मुद्रित केली. संहिता, ध्वनी आणि संकलन यांवर कोणीही हात न फिरविलेले ते पाठ पाहिले, म्हणजे एरवी अदृश्य राहणारे श्रम कोणते, हे ध्यानात येते.

जतनाविषयीही राजशेखर उपयोगी पडतो. रचना नष्ट होण्याच्या कारणांत तो ठेव म्हणून दुसऱ्याकडे देणे, विक्री, दान, देशत्याग, कर्त्याचे अल्पायुष्य, अग्नी व पाणी यांचा निर्देश करतो, आणि ग्रंथाच्या अनेक प्रती कराव्यात असे सुचवितो. चुंबकीय फितीला दमट हवा आणि बुरशी बाधते. त्याहून मोठा धोका म्हणजे फीत शाबूत राहते, पण ती चालविणारे यंत्र नाहीसे होते. यू-मॅटिक फितींवर आज हेच संकट आहे. असंकलित फिती म्हणजे पाठाचे कच्चे खर्डे. पाठचिकित्सकाला त्यांचे मोल कळते, परंतु नव्या मुद्रणासाठी त्या पुसून वापरण्याची रीत सर्वत्र होती. कोणत्या फितीत काय आहे, हे नोंदवहीइतकेच फितींच्या ग्रंथपालाच्या स्मरणात असते. 'बालचित्रवाणी'सारखी संस्था बंद होते, तेव्हा फिती हलविता येतात, हे स्मरण हलविता येत नाही.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. दृक्‌श्राव्य पाठ हा अनेक कर्त्यांचा आणि बहुधा अनेक भाषांचा ग्रंथ आहे, म्हणून त्याचा निर्देश करताना संहितालेखक, संकलक व निवेदक यांची नावे देणे हा औपचारिकतेचा नव्हे, अचूकतेचा भाग ठरतो. दुसरे असे, की तज्ज्ञाचे टिपण, चित्रीकरणाची संहिता आणि अंतिम निवेदन ही तिन्ही रूपे एकत्र जपली, तरच पाठाच्या घडणीचा अभ्यास शक्य होईल. ही कागदपत्रे आज केंद्रांच्या कपाटांत असतील, तर ती ओळखणारी माणसे सेवेत आहेत तोवरच हे काम हाती घेतले पाहिजे. तिलवाऱ्याच्या अधिवेशनात अध्यक्षांचे शब्द दुसऱ्याच्या आवाजात श्रोत्यांपर्यंत पोहोचले. ते वाचणाऱ्याचे नाव इतिहासाने लक्षात ठेवले. विद्यापीठाचे शब्द ज्यांच्या हातून व आवाजातून पोहोचतात, त्यांची किमान तेवढी नोंद विद्यापीठाने ठेवावी.