खोक्यावरचा आकडा आणि भेरूघाट

इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा लंबवर्तुळाकार वेगपथ आहे. 2021 च्या जूनमध्ये त्याचे उद्घाटन झाले, तेव्हापासून वेगाच्या हौशी मंडळींच्या तोंडी त्याचेच नाव. पण ऑटोमॅटिक गाडीतला टॉर्क कन्व्हर्टर कसा आहे, हे या पथावर जवळजवळ कळतच नाही. एकसारख्या वेगात लॉक-अप क्लच लागलेला असतो, इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच फेऱ्यांनी फिरत असतात, आणि कन्व्हर्टरला काही काम उरत नाही. त्याची खरी परीक्षा होते ती इंदूर शहरात पलासियाच्या सिग्नलला, राजवाड्याभोवतीच्या गर्दीत आणि खंडव्याच्या वाटेवर भेरूघाटातल्या चढाला. कन्व्हर्टरचा स्टॉल स्पीड निवडायचा तर ही ठिकाणे डोळ्यांसमोर ठेवून. तसा तो निवडला, तर थोडेफार बदल केलेल्या रोजच्या गाडीला मूळ कन्व्हर्टरच पुरतो, आणि बदलायचाच झाला तर तीन-चारशे फेऱ्यांहून जास्त वर जायचे कारण सापडत नाही, असे माझे मत आहे.

हे यंत्र मुळात मोटारीसाठी जन्मलेच नाही. जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर याने 1905 मध्ये त्याचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. वेगाने फिरणारे टर्बाइन आणि संथ फिरणारा पंखा यांची गाठ घालायची होती. तेलाने भरलेल्या कवचात तीन चाके असतात. इंजिनला जोडलेले चाक तेल फेकते, गिअरबॉक्सकडचे चाक ते झेलते, आणि मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून जोर वाढवतो. गाडी जागेवर असताना हा जोर साधारण दुपटीपर्यंत जातो. गाडी हलू न देता अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिन ज्या फेऱ्यांवर जाऊन अडते तो स्टॉल स्पीड.

म्हणजे हा आकडा एकट्या कन्व्हर्टरचा नसतोच. कन्व्हर्टर जो टॉर्क गिळतो तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून स्टॉल स्पीड इंजिनच्या टॉर्कच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. एका इंजिनावर 2200 ला अडणारा कन्व्हर्टर सव्वापट टॉर्क देणाऱ्या इंजिनावर 2460 च्या आसपास अडेल. टर्बो इंजिनाचा ईसीयू रीमॅप करून घेणाऱ्याने हे वाक्य पुन्हा वाचावे: स्टॉलच्या आसपासच्या फेऱ्यांना टॉर्क वाढला असेल, तर स्टॉलही त्याच्यामागोमाग आपोआप वाढलेला आहे. खोक्यावर 2800 लिहिलेला कन्व्हर्टर कोणत्या इंजिनावर मोजला होता, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. व्यासाचा परिणाम तर याहून तीव्र, कारण टॉर्क झेलण्याची ताकद व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. व्यास पाच टक्के कमी केला की स्टॉल साधारण चौदा टक्क्यांनी वर जातो. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेने साध्या, बिनटर्बो इंजिनाचा टॉर्क पाचेक टक्के घटतो, पण वर्गमुळामुळे स्टॉलमध्ये फरक पडतो जेमतेम अडीच टक्के. त्याची चिंता करू नये.

मग उंच स्टॉलचा एवढा दबदबा आला कुठून? अमेरिकेतून, आणि तिथे त्याला कारण होते. शेव्हरोलेच्या दोन गिअरांच्या पॉवरग्लाइडचा पहिला गिअर 1.76 किंवा 1.82 चा, नंतरच्या तीन गिअरांच्या टर्बो-हायड्रामॅटिक 350 चा 2.52. पहिला गिअर असा लांब, वर इंजिनात अशी कॅमशाफ्ट की खालच्या फेऱ्यांवर दमच नाही. अशा गाडीला सिग्नलवरून उठवायचे तर इंजिनाला तीन हजारांपर्यंत मोकळे सोडणे भागच होते. आजच्या झेडएफ कंपनीच्या आठ गिअरांच्या पेटीत पहिला गिअर 4.7 किंवा त्याहून वरचा असतो. कन्व्हर्टरकडून जो जोर मागायचा तो गिअरनेच दिलेला आहे. रोग गेला, औषध तेवढे मागे राहिले.

टॉर्कच्या शिखराच्या पाचशे फेरे खाली स्टॉल ठेवावा, हा गॅरेजमध्ये ऐकू येणारा नियम त्याच जुन्या इंजिनांचा वारसा. तो मारुती ब्रेझाच्या दीड लिटर पेट्रोल इंजिनाला लावून पाहा. त्याचा 136.8 न्यूटन-मीटर टॉर्क 4400 ला मिळतो, म्हणजे स्टॉल 3900 ठेवायचा! बाजारात भाजी आणायला जाणाऱ्या गाडीला. शिखर कुठे आहे याला फारसे महत्त्व नाही; शिखराच्या नव्वद टक्के टॉर्क किती खालपासून मिळू लागतो, ते पाहावे. साध्या शहरी इंजिनात तो बऱ्याच खालपासून मिळतो.

उंच स्टॉलने पिकअप सुधारतो, हा आक्षेप खरा आहे; पण तो जागेवरून पूर्ण रेस देऊन निघताना. आपण दिवसातून कितीदा तसे निघतो? समजा 125 न्यूटन-मीटरला एक कन्व्हर्टर 2400 ला अडतो आणि दुसरा 3200 ला. सिग्नल सुटल्यावर चालक हलकेच पाय ठेवून 40 न्यूटन-मीटर मागतो. पहिल्या गाडीचा काटा 1360 पर्यंत जाऊन गाडी सरकते, दुसरीत तो 1810 ला पोचतो. आवाज आधी, गाडी मागून. इंदूरच्या एबी रोडच्या गर्दीत हा फरक प्रत्येक वेळी जाणवतो आणि पेट्रोलच्या बिलातही उतरतो.

दुसरा आक्षेप लॉक-अपचा: क्लच लागला की घसरण संपली, मग स्टॉल कितीही असो. नव्या पेट्यांत लॉक-अप लवकर लागतो, हे मान्य. पण सैल कन्व्हर्टरमध्ये त्या क्लचला फेऱ्यांची मोठी तफावत घासून मिटवावी लागते, आणि गिअरबॉक्सचा संगणक मूळ कन्व्हर्टरच्याच वागण्यावर बेतलेला असतो. त्याची गणिते नव्याने न मांडता सुटा भाग बसवला, तर धक्के आणि थरथर पदरी येते.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट उष्णता. स्टॉलला कन्व्हर्टरची कार्यक्षमता शून्य असते. इंजिन देईल तेवढी शक्ती तेल तापवण्यात जाते. 200 न्यूटन-मीटर आणि 2400 फेरे म्हणजे 50 किलोवॅट. पेटीतले सहा लिटर तेल सगळेच्या सगळे ही उष्णता वाटून घेते असे धरले, तरी ते दर सेकंदाला पाचेक अंशांनी चढते. प्रत्यक्षात कन्व्हर्टरमधले तेल याहून लवकर तापते. म्हणून स्टॉलची चाचणी पाच सेकंदांवर लांबवत नाहीत. आता मे महिना, बाहेर चाळीसच्या वर पारा, भेरूघाटात पुढे ट्रकांची रांग आणि गाडीत पाच माणसे, असे चित्र धरा. थांबत-सरकत चढताना कन्व्हर्टर स्टॉलच्या जवळपासच राहतो, आणि तो जितका सैल तितके तेल जास्त तापते.

आपल्याकडचा कायदाही या निवडीला चौकट घालतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन अधोरेखित केले. त्यामुळे मोठ्या इंजिनाची अदलाबदल बाजूलाच राहते. सौम्य बदल म्हणजे फार तर फिल्टर, एक्झॉस्ट, रीमॅप. यांपैकी कशानेही खालचा टॉर्क इतका मरत नाही की कन्व्हर्टर बदलावा.

अपवाद आहेत. बिनटर्बो इंजिनात खरोखर लांब कालावधीची कॅम बसवली, आणि ब्रेकवर उभी असताना ‘डी’मध्ये गाडी गुदमरू लागली, तर थोडा सैल कन्व्हर्टर हवाच. टर्बोचा दाब मूळ स्टॉलच्या वरच जागा होत असेल, तरीही. अशा वेळी आधी तेलाला वेगळा कूलर आणि तापमानाचा काटा बसवावा. मग मोकळ्या सपाट जागी गाडी संथ चालवत अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबून काटा कुठे उडी घेतो ते नोंदवावे. ब्रेक दाबून केलेल्या चाचणीवर विसंबू नये, कारण ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दाबले की अनेक नव्या गाड्या इंजिनाचा जोर स्वतःच कमी करतात. कन्व्हर्टर बांधणाऱ्याला द्यायचे ते हा मोजलेला आकडा, गाडीचे वजन, पहिल्या गिअरचे आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर, आणि डायनोवर काढलेला टॉर्कचा आलेख. एवढे हातात असताना जो केवळ गाडीचे नाव ऐकून तीन हजारांचा कन्व्हर्टर काढून देतो, त्याच्या दुकानातून उठावे.