समाजमाध्यमे आणि ग्रामसभा : सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील विचार

देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकर यांचे गाव. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू केले आणि मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ झाला. त्या काळी कोकणातील एखाद्या गृहस्थाचे म्हणणे मुंबईस पोचण्यास दिवसच्या दिवस लागत. आज मालवणच्या बंदरावर उभा असलेला मच्छीमार आपले गाऱ्हाणे क्षणार्धात मंत्रालयापर्यंत धाडू शकतो. अंतर लोपले आहे, यात संशय नाही. परंतु मत पोचणे आणि त्याची दखल घेतली जाणे या दोन गोष्टी तेव्हाही भिन्न होत्या व आजही आहेत.

मालवणच्या किनाऱ्याला लोकमत नवे नाही. १९८७ मध्ये येथे सागरी अभयारण्य घोषित झाले, तेव्हा आपल्या व्यवसायावर गदा येईल या भीतीने मच्छीमारांनी त्यास विरोध केला. त्या काळी सभा, निवेदन, मोर्चा आणि वृत्तपत्रास पत्र हीच लोकांची साधने होती. ही साधने संथ खरी, पण त्यांत एक गुण होता. निवेदनावर सह्या असत, ते कोणाकडे द्यावयाचे हे ठरलेले असे आणि त्याची पोच मिळे.

आज याच किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमारांचा मोठा प्रश्न आहे तो प्रखर विद्युत्‌दिव्यांच्या साह्याने होणाऱ्या मासेमारीचा. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये तीस बंदी घातली. राज्याने आपल्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमात २०२१ मध्ये सुधारणा करून दंडाच्या रकमा पुष्कळ वाढविल्या. रापण ओढणारा अथवा छोट्या होडीने जाळे टाकणारा मच्छीमार रात्री समुद्रात दिव्यांचा झगमगाट पाहतो, भ्रमणध्वनीवर त्याचे चित्रण करतो आणि ते गटागटांतून फिरू लागते. संताप व्यक्त होतो. पण त्या चित्रणात नौकेचा नोंदणी क्रमांक दिसत नसेल, दिनांक, वेळ व ठिकाण नमूद केलेले नसेल, तर कारवाई करणाऱ्या अधिकाऱ्यास त्याचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय, पूर्वी तहसीलदारांकडे असलेले या प्रकरणांतील निर्णयाचे अधिकार आता मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले आहेत, हे अनेकांस ठाऊक नसते. हजार लोकांनी पाहिलेले चित्रण योग्य कार्यालयात तक्रार म्हणून दाखल झालेले नसेल, तर शासनदप्तरी ते घडलेलेच नसते. शाळेतील एखाद्या शिक्षकाने अशी तक्रार मुद्देसूद लिहून दिली, तर शंभर संतप्त संदेशांहून तिचे काम अधिक होईल.

सिंधुदुर्गातील गावांचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे मुंबईस नोकरीधंद्यासाठी गेलेला चाकरमानी. पूर्वी तो गणपतीस व शिमग्यास गावी येई आणि तेवढ्या मुक्कामात गावच्या कारभाराविषयी चार शब्द बोलून जाई. आता गावाच्या व्हॉट्सअॅप गटात तो बाराही महिने हजर असतो. रस्ता का रखडला, पाणीपुरवठ्याचे पैसे कोठे गेले, हे तो विचारतो. त्याच्या प्रश्नांमुळे कारभाऱ्यांना जाग राहते, हा लाभ लहान नव्हे. मात्र ग्रामसभेचा सदस्य होण्यासाठी त्या गावच्या मतदारयादीत नाव असावे लागते. ज्याचे नाव मुंबईच्या यादीत आहे, त्याने गटात कितीही जोराने मत मांडले तरी ठरावावर हात वर करण्याचा अधिकार त्याला नाही. उलट, ज्या स्त्रीला तो अधिकार आहे ती पुष्कळदा गटातच नसते, कारण घरातील भ्रमणध्वनी दुसऱ्याच्या हाती असतो. गटातील बहुमत म्हणजे गावाचे मत, असे समजणारा सरपंच म्हणूनच फसण्याचा संभव असतो. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती कागदावर उरकून टाकण्याची सवय मोडली, तर ही उणीव बरीचशी भरून निघेल.

टीका झाली की पोलिसांत जाण्याची भाषा काही लोकप्रतिनिधी करतात. त्यांनी पालघरचे प्रकरण लक्षात ठेवावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मत मांडल्याबद्दल तेथील दोन तरुणींना अटक झाली होती. देशभर खळबळ उडाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. कोणास त्रासदायक वाटते एवढ्याच कारणाने बोलणे गुन्हा होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. अर्थात संविधानाच्या अनुच्छेद १९ (२) मधील वाजवी निर्बंध कायम आहेत. बदनामी किंवा हिंसेस चिथावणी यांना मोकळीक मिळालेली नाही.

चिथावणीची तर गरजही नसते, नुसती अफवा पुरते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेने जमाव पिसाळला आणि भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध माणसे मारली गेली. त्यांना नेऊन बसविलेली खोली ग्रामपंचायत कार्यालयाची होती, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी विसरू नये. त्यानंतर व्हॉट्सअॅपने एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यावर भारतात मर्यादा घातली.

समाजमाध्यमांचा सर्वांत साधा उपयोग मात्र अजून पुरता केला जात नाही. तो म्हणजे सूचना देण्याचा. ग्रामसभेची विषयपत्रिका, मागील सभेचे इतिवृत्त आणि खर्चाचा तक्ता ग्रामपंचायत अधिकाऱ्याने गटात आधी टाकला, तर लोक विचार करून येतील. किनाऱ्यावर तर तिथीचाही विचार करावा लागतो. १ मेच्या सभेस सुटीवर आलेले चाकरमानी गावी असतात. जून व जुलैमध्ये मासेमारी बंद असल्याने मच्छीमार घरी सापडतो. पण २ ऑक्टोबर हा ऐन हंगामातला दिवस. सभेची वेळ मच्छीमारांना विचारून ठरविली, तर पहाटे होडी घेऊन गेलेला माणूसही परत येऊन ग्रामसभेत बसू शकेल.