पुंगळी पुन्हा भरताना

काडतूस हा शब्द पोर्तुगिजांकडून मराठीत आला आणि १८५७ सालाने तो घराघरांत पोचवला. त्या वेळचे एनफिल्ड रायफलीचे काडतूस कागदी होते. शिपायाने ते दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, की काडतूस संपले. त्याच्यावरच्या चरबीने हिंदू आणि मुसलमान शिपायांची मने एकाच वेळी कशी दुखावली, हे आपण शाळेत वाचले आहे. पुढच्या काही दशकांत कागदाच्या जागी पितळ आले आणि एक नवीच गोष्ट शक्य झाली. बार उडाल्यावर हातात उरणारी पुंगळी पुन्हा भरता येऊ लागली. अमेरिकेच्या माळरानांवर बायसनची शिकार करणारे लोक एकोणिसाव्या शतकात तळावर बसून हेच काम करीत. आज तिथले कितीतरी शिकारी आणि नेमबाज ते घरच्या गॅरेजात करतात.

मी पडलो कवी. या वाटेला मला नेले ते माझ्या भाच्याने. तो अमेरिकेत स्थायिक आहे आणि रविवारी रायफल क्लबात नेम धरायला जातो. ‘मामू, प्रेस घ्यायचाय, पण कुठला तेच ठरत नाही,’ असे त्याने फोनवर सांगितले, तेव्हा मला वाटले की पोरगा छापखाना काढतोय! मग त्याने सगळे समजावून दिले. तेच तुम्हाला सांगतो.

काडतुसात चार वस्तू असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. पुंगळीचे पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असे असते. बार होताना ती फुगते. म्हणून पुन्हा भरण्याआधी तिला दाबून मूळ मापावर आणावे लागते. जुनी टोपी काढणे व माप आणणे, नवी टोपी बसवणे, दारू घालणे, गोळी बसवणे, अशा या पायऱ्या. त्यांतल्या बहुतेकींसाठी एकेक पोलादी साचा असतो, त्याला डाय म्हणतात. दांडा ओढला की पुंगळी वर जाऊन डायमध्ये दाबली जाते. हे करणारे यंत्र म्हणजे प्रेस.

प्रेसचे तीन प्रकार आहेत. आपल्या स्वयंपाकघरातला सोऱ्या आठवा. शेव झाली की चकती काढायची आणि चकलीची घालायची. पहिला, साधा प्रेस असा आहे. एका वेळी एकच डाय. सगळ्या पुंगळ्यांची एक पायरी उरकायची, मग डाय बदलायची. दुसरा टरेट प्रेस. टरेट म्हणजे बुरूज. वर्कशॉपातल्या टरेट लेथप्रमाणे याच्या फिरत्या डोक्यात सगळे डाय एकदाच नीट बसवून ठेवतात. पुंगळी जागची हलत नाही, डोके फिरते. तिसऱ्या, प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये पाच-सहा पुंगळ्या एकदम फिरतात आणि दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक काडतूस तयार होऊन पडते.

मग घ्यावा कोणता? भाच्याला घाई नव्हती. त्याला महिन्याला शंभरेक काडतुसे पुरत, म्हणून तो टरेटकडे वळला. तिथेही पारखायच्या गोष्टी आहेत. पहिली, डोक्यात भोके किती. ‘ली’ कंपनीच्या क्लासिक टरेटला चार आहेत, ‘रेडिंग’च्या टी-७ला सात. दुसरी, डोक्याची पकड. फिरणाऱ्या वस्तूत थोडी ढिलाई असणारच. रायफलीची पुंगळी दाबायला जोर लागतो, त्या वेळी डोके किंचित उचलले गेले तर मापात फरक पडतो. म्हणून मागून भक्कम आधार असलेले यंत्र बरे. तिसरी, उंची. पिस्तुलाचे काडतूस आखूड असते. पण १९०६ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेले ‘थर्टी-ऑट-सिक्स’ पूर्ण भरल्यावर सुमारे ८५ मिलिमीटर लांब होते. ते आत-बाहेर करायला मोकळी जागा हवी. चौथी, डोके दांड्याबरोबर आपोआप फिरते की हाताने फिरवायचे. आपोआपची सोय मुख्यतः पिस्तुलाच्या आखूड काडतुसांना सोयीची. रायफलीच्या गळा आवळलेल्या पुंगळीला आधी वंगण लावावे लागते, नाही तर ती डायमध्ये अडकून बसते. मग ते पुसायचे, दाबल्याने वाढलेली लांबी व्हर्नियरने मोजायची, वाढली असेल तर कापायची. या कामांसाठी मध्ये थांबावेच लागते. तेव्हा टरेटचा वेग रायफलवाल्याला अर्धाच उपयोगी. त्याचा खरा फायदा म्हणजे एकदा जुळवलेले डाय पुन्हा पुन्हा जुळवावे लागत नाहीत.

पण दांड्याचा वेग डोळ्यांच्या पुढे जाता कामा नये. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जवळपास निम्मा. इतक्या बारीक मापाची दारू चुकून दुप्पट पडली तर रायफल तोंडासमोर फुटू शकते. दारू घालायचीच राहिली तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत अडकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी फाटते. म्हणून छापील पुस्तकातलेच प्रमाण घ्यायचे, तराजू तपासायचा, आणि गोळी बसवण्याआधी दिव्याखाली प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहायचे. साध्या प्रेसवर पन्नास पुंगळ्या ओळीने उभ्या असतात, त्यांतली दारूची पातळी एका नजरेत कळते. टरेटवर पुंगळी एकटी असते. प्रत्येक वेळी आठवणीने वाकून पाहावे लागते.

हा छंद तिथल्या कायद्यात बसतो, आपल्या नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. इथे ते काम कारखान्यांचे. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालापासून उभा आहे.

भाच्याने शेवटी हाताने फिरवायचा टरेट घेतला. विक्रेत्याने तासाला किती काडतुसे निघतील ते सांगितले, ते त्याने ऐकून सोडून दिले. तासाला किती पुंगळ्यांत आपण न चुकता डोकावू शकतो, तो आकडा त्याने धरला. यंत्र घेणाऱ्या कुणालाही हा हिशेब उपयोगी पडेल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)