फोटोतला डाग आणि न घेतलेला नमुना

निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावात मूल तीन आठवडे खोकतंय आणि छातीच्या फोटोत डाग दिसतोय म्हटलं, की दोनच तर्क पुढे येतात: साधा न्युमोनिया, नाहीतर टीबी. दोन्ही आजार आपल्याकडे भरपूर, त्यामुळे तर्क वेडगळ नाही. पण एरवी धडधाकट असलेल्या मुलाला पहिलं अँटिबायोटिक लागू पडलं नाही, तर आपण त्याहून जालीम औषधाकडे वळतो. खरं तर तिथे थांबून नमुना घ्यायला हवा. फोटो डाग कुठे आहे ते दाखवतो, कोणत्या जंतूचा ते सांगत नाही. शाळकरी मुलांत आढळणाऱ्या मायकोप्लाझ्मा जंतूला पेशीभिंतच नसते. अमॉक्सिसिलिन मारा करतं नेमका त्या भिंतीवर, म्हणून ते इथे निरुपयोगी. स्टॅफिलोकोकसमुळे फुप्फुसाभोवती पू साचला, तर तो काढल्याशिवाय ताप हटत नाही. माती-पाण्यातून येणारा मेलिऑइडोसिस तर टीबीची हुबेहूब नक्कल करतो. तो दुर्मीळ खरा, पण टीबीच्या गोळ्यांनी बरा होत नाही. आणि डाग पुन्हा पुन्हा एकाच जागी येत असेल, तर श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणाही आठवावा. आपल्या भागात तरी नक्कीच.

यावर कुणी म्हणेल, बहुतेक मुलं साध्या औषधानं बरी होतात, मग हा खटाटोप कशाला? बरोबर आहे, सरसकट तपासण्या कुणीच मागत नाही. प्रश्न बरी न होणाऱ्या थोड्या मुलांचा आहे. लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळतं, ही अडचणही खरी. म्हणून सकाळी उपाशीपोटी नळीनं जठरातला द्रव घेतात. सीबीनॅट यंत्र त्यात टीबीचे जंतू सुमारे 2 तासांत शोधतं, आणि सरकारी टीबी कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे. मुलांत जंतू कमी असल्यानं अहवाल निगेटिव्ह आला तरी टीबी नाही असं ठरत नाही, हेही खरं. तरीही औषधांचा मारा झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू बऱ्याचदा वाढतच नाहीत. शिवाय लेव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध टीबीला तात्पुरतं दाबतं आणि निदान लांबवतं. म्हणून नमुना आधी. अपवाद एकच: मूल धापत असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल किंवा ते पाणीही पीत नसेल, तर तपासणीसाठी औषध रोखू नये, मुलाला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावं.

लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत जायची वेळ आलीच, तर जुने फोटो आणि दिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या, आणि अँटिबायोटिक बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा: नमुना घेतला का?